किचनच्या ओल्या कचऱ्यापासून घरच्या घरी खत: कोल्हापूरच्या पावसात पण बंद पडणार नाही अशी पद्धत

कोल्हापुरात घरी खत करायला घेतलेली माणसं बहुतेक करून पावसाळ्यात ते सोडून देतात. मार्च-एप्रिलमध्ये बादली आणतात, भाजीची देठं, साली टाकायला लागतात, मे संपेपर्यंत सगळं झ्याक चालतं आणि जूनमध्ये एकदा पावसानं झोडपायला सुरुवात केली की बादलीतनं वास मारायला लागतो, अळ्या वर चढतात, घरातले कुरकुर करतात आणि शेवटी ती बादली जिन्याखाली जाऊन पडते. मला विचाराल तर यात बादलीचं काही चुकत नाही, आणि महागडं कल्चर (कचरा कुजवणारे विकतचे जिवाणू) आणलं नाही म्हणून पण हे होत नाही. सुकं कमी पडतं, बास. ओला कचरा घरात रोज आपोआप तयार होतो, पण सुका पाला, चिपाडं, भुसा हे आधी साठवून ठेवावं लागतं आणि ते कुणी सांगत नाही. सगळे व्हिडिओ केळीच्या सालीचं पाणी न् कांद्याच्या सालीचं पाणी यातच अडकलेत. ती पाणी पण सांगतो खाली, त्यांचा थोडाफार उपयोग आहे, पण खरं खत म्हणजे कंपोस्ट आणि कंपोस्टचा जीव सुक्यात आहे, म्हणून सुरुवात तिथनंच करूया.

आधी सुकं गोळा करा, बादली नंतर

झाडाचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये बक्कळ पडतो, रस्त्याकडेला, कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या मैदानात ढीग लागतात आणि लोक ते पेटवून देतात. तो पाला पोत्यात भरून आणा. चुरगळून भरला तर एका पोत्यात दुप्पट बसतो. चौघांच्या घराला अख्खा पावसाळा काढायचा तर चांगली दाबून भरलेली चार-पाच पोती तरी हाताशी पाहिजेत, जास्त असली तर उत्तमच. पोती गच्चीवर ठेवणार असाल तर जिन्याच्या छपराखाली ठेवा, कारण भिजलेला पाला म्हणजे परत ओला कचराच झाला.

दुसरी गोष्ट आपल्याकडंच मिळते, ती म्हणजे उसाची चिपाडं. रसवंतीवाल्याला सांगितलं तर तो पोतं भरून देतो, त्याला पण ती टाकायचीच असतात. फक्त एक ध्यानात ठेवा, रसवंतीच्या चिपाडात साखर राहिलेली असते, तशीच बादलीत टाकली तर मुंग्या आणि आंबूस वास दोन्ही येणार. गच्चीवर पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायची, कटकन मोडायला लागली की कात्रीनं नायतर कोयत्यानं बोटभर तुकडे करून पोत्यात भरायची. चिपाडं पाणी शोषून घेतात आणि मध्ये हवा पण खेळती ठेवतात, म्हणून पावसाळ्यात पाल्यापेक्षा मला चिपाडंच बरी वाटतात.

याशिवाय शेंगांची फोलपटं, नारळाची शेंडी सोडवून बारीक केलेली, अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून, वर्तमानपत्राच्या पट्ट्या (गुळगुळीत रंगीत कागद नको), सुताराकडचा लाकडाचा भुसा हे पण चालतं. भुसा घेताना मात्र साध्या लाकडाचाच घ्या, प्लायवुडचा घेऊ नका, त्यात डिंक-केमिकल असतात. विकत घ्यायचं तर कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा) आहेच, पण पाला फुकट मिळत असताना त्याला पैसे घालायची गरज नाही असं माझं मत.

हे सगळं कशासाठी तर कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही लागतात. वजनानं साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असं प्रमाण असलं की कुजायचं काम झपाट्यानं होतं. ओल्या भाजीत नत्र जास्त, सुक्या पाल्यात आणि चिपाडात कर्ब जास्त. नुसतं ओलं टाकलं की जादाचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं (तोच तो नाकात जाणारा वास) आणि पाणी साठून हवा बंद झाली की सडका वास सुरू होतो. म्हणजे वास आला तर खत बिघडलं असं नाही, तुमचं नत्र हवेत चाललंय आणि सुकं टाका असं बादली सांगतीया.

बादली तयार करणं

रंगाची २० लिटरची रिकामी बादली सगळ्यात बरी, झाकण घट्ट असतं आणि स्वस्तात मिळते. आतनं घासून धुवून वाळवा. वॉटर बेस रंगाचीच घ्या, ऑइल पेंटची नको. सळई तापवून नायतर ड्रिलनं बाजूला चारी अंगांनी करंगळी जाईल न जाईल एवढी पंधरा-वीस भोकं पाडा आणि तळाला चार-पाच. बाजूच्या भोकांना आतनं मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवला तर माश्या आत शिरत नाहीत. तळाखाली जुनी परात नायतर ट्रे ठेवा आणि बादली दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालनं हवा जाते.

अशा तीन बादल्या पाहिजेत. एक भरत असते आणि दोन पिकत असतात, त्यातली आधीची तयार झाली की वापरायला काढता येते. चौघांच्या घरात दिवसाला अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो आणि तो बसत बसत जातो, त्यामुळं एक बादली भरायला साधारण महिना जातो.

जागा म्हणाल तर सावलीत आणि जिथं पावसाचे शिंतोडे येत नाहीत अशी. आपल्याकडं पाऊस नुसता वरनं पडत नाही, वाऱ्यानं आडवा येतो, म्हणून उघड्या गॅलरीत ठेवणार असाल तर बाजूनं जुना फ्लेक्स बांधा. बादलीला पूर्ण गुंडाळू नका, हवा पाहिजे.

काय टाकायचं, काय नाही

माळवं निवडताना निघणारं सगळं चालतं: कोथिंबीर-मेथीची देठं, कोबीची वरची पानं, वांग्याचे डेख, दोडक्याच्या शिरा, कांदा-लसणाच्या साली, केळीच्या साली, कलिंगडाच्या साली बारीक करून, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं चुरून. देवाची फुलं, हार, दुर्वा, बेल पण टाका, फक्त हाराचा दोरा आणि जरी काढून घ्या, नायतर नंतर खतातनं दोरे ओढत बसावं लागतं. गणपतीत आणि नवरात्रात एवढं निर्माल्य निघतं की एकट्या झेंडूवर बादली भरते. पंचगंगेत सोडण्यापेक्षा आपल्याच तुळशीला त्याचं खत घातलेलं काय वाईट.

लिंबू, संत्रं, मोसंबीच्या साली थोड्या चालतात, ढीग नको. आंब्याच्या कोयी, मक्याची बुरकंडं, नारळाच्या करवंट्या लवकर कुजत नाहीत, त्या बाजूलाच ठेवा.

आता आपल्याकडचा मोठा प्रश्न, मटणाचा. रविवारी तांबडा-पांढरा झाला की हाडं राहतात, ताटात रस्सा राहतो. ते बादलीत टाकू नका. एक तर मीठ, मीठ झाडाच्या मुळांना मारतं आणि ते कुजून कुठं जात नाही, खतात तसंच राहतं. दुसरं तेल, मिसळीचा कट असो नायतर रश्श्याची तर्री, तेलाचा थर बसला की हवा जात नाही. आणि तिसरं म्हणजे हाडं-मांसाच्या वासानं उंदीर-घुशी, मांजरं हमखास येतात. परडं असेल तर हाडं दीड-दोन फूट खोल खड्ड्यात, नारळ किंवा आंब्याच्या बुंध्यापासून तीन-चार फूट लांब पुरा, वरनं माती चांगली दाबा. कच्चं मटण धुतलेलं बिनमिठाचं पाणी जमिनीतल्या झाडाला घातलं तर चालतं, त्यात रक्ताचं नत्र असतं, पण कुंडीत घालू नका, मुंग्या आणि वास आवरत नाही.

भात, भाकरीचा तुकडा उरला तर अगदी थोडा आणि सुक्यात पुरून टाका. दूध, कढी, लोणचं, साबणाचं पाणी, कुत्र्या-मांजराची घाण, रोग पडलेली पानं यातलं काही नको. रोगट पानांचं कारण सांगतो, तीन बाय तीन बाय तीन फुटाचा मोठा ढीग असला तर आत ५५ ते ६५ डिग्रीपर्यंत तापतो आणि रोगाचे बीजाणू, तणाचं बी मरतं, आपली २० लिटरची बादली तेवढी तापत नाही. म्हणूनच घरच्या खतातनं टोमॅटोची रोपं आपोआप उगवतात, ती लावलीत तरी चालतात.

भरायची पद्धत

तळाला तीन-चार बोटं जाडीचा चिपाडाचा किंवा शेंडीचा थर द्या. त्यावर ओंजळभर जुनं खत, नसेल तर झाडाखालची माती नायतर शेणाचा चुरा. सुरुवातीला जिवाणू लागतात ते यातनं मिळतात. जवळपास गोठा असेल (आपल्याकडं गल्लीत नसला तरी पलीकडच्या गल्लीत असतोच) तर मूठभर शेण पाण्यात कालवून शिंपडा. आंबट ताक एक वाटी पाण्यात पातळ करून टाकलं तरी काम होतं. बाजारात कल्चर मिळतं ते वाईट नाही, पण एकदा तुमची पहिली बादली तयार झाली की तुमचंच खत तुमचं कल्चर.

मग रोजचा कचरा. टाकण्याआधी बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, जेवढं बारीक तेवढं लवकर कुजणार, पण मिक्सरला लावून लगदा करू नका, लगद्यात हवा राहत नाही. भाजी धुतलेली असली तर चाळणीत पाणी निथळू द्या. एक वाटी ओलं टाकलं तर वरनं दोन वाट्या चुरलेला सुका पाला, चिपाडं असतील तर वाटीला वाटी पुरतात. पावसाळ्यात पाला असो नायतर चिपाडं, सुकं अजून अर्धी वाटी वाढवा. शेवटचा थर कायम सुक्याचाच असला पाहिजे, ओलं वर उघडं दिसता कामा नये, हा एक नियम पाळला की फळमाश्यांचा निम्मा त्रास जातो.

तीन-चार दिवसांनी एकदा काठीनं नायतर जुन्या उलथन्यानं खालवर करा. तेव्हाच ओल बघायची. मधनं मूठभर घ्या आणि जोरात पिळा. बोटांच्या फटीतनं एखादा थेंब आला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, बोटानं टोचल्यावर फुटला, तर ओल बरोबर आहे. पाणी ठिबकायला लागलं तर सुकं घाला आणि झाकण दिवसभर किलकिलं ठेवा. गोळा होतच नसेल, हातातनं भुरभुरत असेल तर पाण्याचा शिडकावा द्या. एप्रिल-मेमध्ये असं कोरडं पडतं आणि कोरडं पडलं की मुंग्या घर करतात, मुंग्या दिसल्या की पाणी मारायचं, पावडर मारायची नाही.

बादली भरली की वरनं चार बोटं सुक्याचा थर देऊन झाकण लावा, तारीख लिहून चिकटवा आणि दुसरी सुरू करा. भरलेली आठवड्यातनं एकदा हलवायची. दोन महिने धरून चाला, थंडीत थोडं जास्त लागतं, उन्हाळ्यात लवकर होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाकण उघडलं की काय दिसतं ते सांगून ठेवतो, कारण इथं बरीच माणसं घाबरतात. वरच्या पाल्यावर कापसासारखी पांढरी बुरशी पसरलेली असते, काठीनं फोडलं की आतनं कोमट वाफ येते, कोबीचं पान अजून ओळखू येतं पण हात लावला की विरघळतं, आणि कधीकधी करड्या रंगाच्या, जाड, तांदळाच्या दाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या अळ्या वळवळताना दिसतात. बुरशी चांगलीच, ती चिपाडं कुजवते. त्या अळ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या, चावत नाहीत, झाडाला काही करत नाहीत, उलट कचरा फडशा पाडतात. नको वाटत असतील तर सुकं वाढवा, ओल कमी झाली की निघून जातात. फिनेल, फवारे अजिबात मारू नका, सगळे चांगले जिवाणू मरतात आणि खत झाडाला घालायच्या लायकीचं राहत नाही.

खालच्या ट्रेमध्ये काळं पाणी जमलं तर ते म्हणजे लिक्विड खत असं लोक समजतात. त्यात अन्नद्रव्य असतात हे खरं, पण ते अर्धवट कुजलेलं असतं, वासाचं असेल तर गटारात सोडा, वास नसेल तर दहापट पाणी घालून जमिनीतल्या झाडाला घाला. आणि पाणी रोज जमत असेल तर परत तेच, सुकं कमी पडलंय.

तयार झालं कसं ओळखायचं

रंग काळपट तपकिरी, पहिल्या पावसात जमिनीला येतो तसा वास, हाताला गार, आणि टाकलेली भाजी ओळखू येत नाही. तरी खात्री करायची तर एका वाटीत निम्मं खत निम्मी माती घेऊन मूठभर मेथी पेरा. चार-पाच दिवसांत नीट उगवून पानं हिरवीगार राहिली तर खत पिकलंय, उगवलीच नाही किंवा उगवून पिवळी पडली तर अजून दोन-तीन आठवडे ठेवा. कच्चं खत कुंडीत गेलं की ते कुजायला मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं, मग लोक म्हणतात घरचं खत लागलं नाही.

चाळणीतनं चाळून घ्या, चाळताना तोंडाला रुमाल बांधा कारण बारीक बुरशीची धूळ उडते. वरचे जाडे तुकडे पुढच्या बादलीच्या तळाला.

किती आणि कधी घालायचं

नवी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट किंवा बारीक चिपाडं (ती पूर्ण कुजलेली पाहिजेत) आणि मूठभर निंबोळी पेंड. जुन्या १०-१२ इंचाच्या कुंडीत महिन्यातनं एकदा दोन मुठी, वरची माती खुरप्यानं दोन बोटं उकरायची, बुंध्यापासून थोडं लांब खत पसरायचं, माती ओढायची, पाणी द्यायचं.

हंगाम बघून घाला. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करून लगेच खत, म्हणजे उन्हाळ्यात फुलं. गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमाराला, त्यावेळी चार मुठी. जूनच्या सुरुवातीला सगळ्या कुंड्यांना एकदा द्यायचं आणि जुलै-ऑगस्टमध्ये धो-धो चालू असताना काही घालायचं नाही, सगळं वाहून गच्चीच्या पाइपातनं जाणार. पातळ खत तर त्या दोन महिन्यांत पूर्ण बंद.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. कंपोस्टमध्ये नत्र साधारण अर्धा ते दीड टक्का असतं, युरियात ४६ टक्के. म्हणून युरियासारखं आठवड्यात हिरवंगार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. कंपोस्टचं काम वेगळं आहे, ते माती भुसभुशीत करतं, पाणी धरून ठेवतं, जिवाणू वाढवतं आणि थोडं थोडं देत राहतं. त्याचा फरक दोन-तीन महिन्यांत दिसतो आणि मग टिकतो.

आता ती किचनमधली पाणी आणि पावडरी

अंड्याची टरफलं: धुवून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, मोठे तुकडे मातीत वर्षभर तसेच पडून राहतात, बारीक केलं तरच उपयोग. कुंडीला एक-दोन चमचे, तीन-चार महिन्यांतनं एकदा. इथं तुमची माती कुठली ते बघा. पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती आंबट असते, तिला हे मानवतं. शिरोळ-हातकणंगलेकडची काळी माती आधीच चुनखडीची, कुठं कुठं क्षारपड, तिथं टरफलं आणि चुलीची राख दोन्ही घालून फायदा नाही, उलट वाढीव त्रास. टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडतो त्यावर टरफलं सांगतात, ते कॅल्शियमच्या कमतरतेनंच होतं हे बरोबर, पण बहुतेक वेळा पाणी कधी जास्त कधी शून्य दिल्यानं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, आधी पाणी नियमित करा.

चुलीची किंवा बंबाची राख: लाकडाचीच पाहिजे, कोळशाची नको. पालाश (पोटॅश) असतं, फुलाफळाला चांगलं, पण कुंडीला एक चमचाच. ताज्या शेणात, गोमूत्रात मिसळू नका, नत्र उडून जातं.

केळीची साल: पालाश भरपूर, पण दोन दिवस पाण्यात भिजवून त्यातलं थोडंच उतरतं आणि साखरेनं माश्या येतात. बारीक चिरून बादलीत टाका, नायतर उन्हात कडक वाळवून चुरा करून मातीत मिसळा. पाणी करायचंच असेल तर दोन दिवसांच्या वर ठेवू नका आणि पाचपट पातळ करा.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी: बिनमिठाचं, त्याच दिवशी, थेट झाडाला. रोज एकाच कुंडीत नको, फिरवून घाला. पोषण फार नाही, पण तेवढं पाणी तरी वाचतं.

चहाचा चोथा: आपला चहा दूध-साखरेचा, म्हणून चोथा दोनदा धुवून वाळवायचा, मग महिन्याला एक-दोन चमचे. न धुता कुंडीवर टाकला की मुंग्या आणि बुरशी. बादलीत टाकायचा असेल तर धुवायची पण गरज नाही, सुक्यात मिसळून टाका.

आंबट ताक: कढीपत्त्याला घालायची आपल्याकडची जुनी रीत. एक वाटी ताकाला दहा वाट्या पाणी, महिन्यातनं एकदा. मीठ घातलेलं, फोडणी दिलेलं ताक नको.

शेंगदाणा पेंड: हे मात्र खरोखर दमदार आहे, नत्र साधारण सात टक्क्यांच्या आसपास. घाण्यावरनं ताजी पेंड आणा, बुरशी आलेली नको. १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात भिजवा, झाकण सैल ठेवा, रोज एकदा हलवा. चौथ्या दिवशी गाळून घ्या, वास जबरदस्त येतो, म्हणून घरात नको, गच्चीवर करा. एका वाटीला दहा वाट्या पाणी आणि १०-१२ इंचाच्या कुंडीला एक ग्लासभर, पंधरा दिवसांतनं एकदा. कोरड्या मातीत घालू नका, आधी साधं पाणी देऊन ओली करा. चार पानांच्या रोपांना नको, मुळं करपतात. गाळून राहिलेला चोथा बादलीत टाका, भरपूर सुक्यासोबत.

गूळ, बेसन आणि शेणाचं जीवामृत

जीवामृत म्हणजे मातीत जिवाणू वाढवणारं आंबवलेलं पातळ खत. गूळ आपल्या घरचाच म्हणायचा, म्हणून हे पण करून बघा. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या पद्मश्री (२०१६) सुभाष पाळेकरांनी शेतकऱ्यांसाठी सांगितलेलं मूळ प्रमाण एकराला २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक ते दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर बांधावरची माती असं आहे. कुंड्यांसाठी त्याचा विसावा भाग करायचा. १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र नसेल तर पाव लिटर, ५० ते १०० ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन, आणि जिथं कधी औषध मारलेलं नाही अशी चिमूट-दोन चिमूट माती. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून घ्या म्हणजे क्लोरीन निघून जातो.

गूळ पांढरट-पिवळा चकचकीत घेऊ नका, रंग उजळायला त्यात बऱ्याचदा हायड्रॉस नावाचं केमिकल घातलेलं असतं. गुऱ्हाळावरचा काळसर, बिनकेमिकलचा घ्या, मार्केट यार्डात मोडका-फुटका स्वस्तात मिळतो, जिवाणूंना रंगाशी काय करायचंय. काकवी असली तर ती पण चालते.

प्लॅस्टिकच्या बादलीत सगळं कालवा (लोखंडी, तांब्याची नको), बेसनाच्या गाठी हातानं फोडा, वरनं पोत्याचं ओलं बारदान टाका, सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. ४८ तासांनी तयार, वर फेस आणि आंबूस वास येतो. आठवड्याच्या आत संपवा. कुंडीला एका भागाला दहा भाग पाणी घालून, संध्याकाळी, ओल्या मातीत. कोथिंबीर, पुदिना, पालक असं कच्चं खाल्लं जाणारं असेल तर त्याला शेणाचं काहीही घालू नका आणि भाजी नीट धुवून घ्या, आणि कालवताना हातमोजे घाला.

बायोएन्झाइमचं (फळांच्या साली गुळात आंबवून केलेलं पाणी) पण हल्ली फार चाललंय. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत वर चतुर्थांश जागा मोकळी सोडून तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, काचेची बाटली वापरली तर फुटते. झाडाला लिटरमागे एक-दोन मिलीच. पण खत म्हणून त्यात फार दम नाही, फरशी पुसायला उत्तम, आणि बादलीत न जाणाऱ्या लिंबाच्या सालींची सोय होते एवढं खरं.

तयार झालेलं कंपोस्ट लगेच लागणार नसेल तर बारदानाच्या पोत्यात, सावलीत, विटांवर ठेवा आणि महिन्यातनं एकदा पाण्याचा हात मारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं तर आत हवा जात नाही आणि परत वास धरतं, उन्हात वाळवून भुकटी झाली तर जिवाणू मरतात. नीट ठेवलं तर सहा-आठ महिने आरामात टिकतं, त्यातली दोन ओंजळी मात्र पुढच्या बादलीसाठी बाजूला काढा आणि मगच बाकीचं शेजाऱ्यांना वाटा.